पेटवण गोळा करणं आणि सोबत नेणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतावरची हुरड्याची आगटी असो, अलिबागकडची पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, असो, नाहीतर डोंगरातल्या वाडीच्या अंगणात रात्री पेटवलेली शेकोटी असो, अडायचं ते पहिल्या दोन मिनिटांत अडतं. ढीगभर लाकडं गोळा झालेली असतात, काडेपेटी अर्धी संपलेली असते आणि पुढ्यात नुसता धूर. दरवेळी चूक एकच असते. जळणाची काळजी सगळे घेतात, पेटवणाची कोणी घेत नाही. गेली कित्येक वर्षं सह्याद्रीत फिरताना, गावी चुलीपुढे बसताना आणि नव्या मुलांना डोंगरात नेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

पेटवण म्हणजे नेमकं काय? बारीक काटक्या म्हणजे पेटवणच ना?

नाही. एका काडीच्या ज्योतीवर, किंवा नुसत्या ठिणगीवर, जे लगेच धरतं ते पेटवण. ते केसासारखं, कापसासारखं किंवा कागदासारखं पातळ असतं. त्याच्यावर काटक्या येतात, काडेपेटीतल्या काडीपासून करंगळीएवढ्या जाडीच्या. त्यावर अंगठ्याएवढं, मग मनगटाएवढं जळण. ही उतरंड कुठे तुटली की आग मरते. काडी थेट करंगळीएवढ्या फाट्याला लावणं म्हणजे तान्ह्या मुलाला भाकरी भरवणं.

माझी आजी चुलीजवळ एका फुटक्या टोपलीत तीन कप्प्यांत हे सगळं वेगळं ठेवायची. वळचणीतलं सुकं गवत एकीकडे, काटक्या एकीकडे, ढलप्या एकीकडे. तिला पहाटेच्या अंधारातही कशाला हात घालायचा ते कळायचं. शहरातून आलेल्या मला त्या टोपलीचं महत्त्व कळायला वीस वर्षं गेली.

किती गोळा करावं?

तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट. पेटवण दोन्ही हातांच्या ओंजळीत दाबून मावेल इतकं, शिवाय तेवढंच राखीव. बारीक काटक्या दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम बसतील एवढी जुडी. सगळं हाताशी आल्याशिवाय काडी ओढू नका. पेटवण जळत असताना काटक्या शोधायला पळणारा माणूस परत येतो तेव्हा फक्त राख उरलेली असते.

आपल्याकडे पेटवण म्हणून काय काय मिळतं?

जिथे आहात तिथलं पाहा. प्रत्येक भागाने आपलं पेटवण कधीच शोधून ठेवलेलं आहे. चूल पेटवणाऱ्या बाईला विचारलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

कोकणात नारळाच्या झाडासारखा दाता नाही. झावळीच्या बुडाशी जाळीदार कापडासारखा जो पापुद्रा असतो, तो वाळला की काडीवर धरतो. सोडण, म्हणजे नारळाचं वरचं जाड साल, हाताने पिंजून काढलं की त्याचा काथ्या ठिणगीही झेलतो आणि बराच वेळ धुमसत राहतो. सुकलेलं चुडत, म्हणजे वाळकी झावळी, पटकन भडकतं, त्याची चूड, म्हणजे मशाल, करून पूर्वी लोक रात्रीची वाट काढत. वाळलेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, आणि करवंटी पुढच्या टप्प्याला. करवंटी एकदा धरली की लाकूड पेटेपर्यंत साथ सोडत नाही. पातेरा, म्हणजे पाचोळा, भरपूर असतो, पण आंबा-फणसाची पानं जमिनीलगत ओलसर राहतात, म्हणून वरचाच थर घ्यावा.

देशावर उसाचं पाचट आहे. ते भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं, म्हणून नुसत्या पाचटावर विसंबू नये. त्याचे घट्ट पिळे करून ठेवले तर जास्त वेळ टिकतात. ज्वारीची चिपाडं, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं, गव्हाचं काड हे सगळं कामाचं. मराठवाडा-विदर्भात तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची आणि कपाशीची वाळकी खोडं. तुराटी तर काटकीच्या टप्प्यासाठीच जन्मली असावी: सरळ, हलकी, कडकडीत, हाताने मोडणारी.

सह्याद्रीच्या उतारांवर वाळलेली कारवी. ही झुडपं सात वर्षांनी फुलतात आणि बी धरून मरतात. त्यानंतरच्या हंगामात वाळलेल्या काठ्यांची रानंच्या रानं उभी असतात. कुडाच्या भिंती करायला लोक ती नेतात आणि चुलीत घालायलाही.

माझी विशेष शिफारस मात्र घाणेरीची, म्हणजे टणटणीची, आणि कोकणात रानमोडीची. दोन्ही बाहेरून आलेली, आपल्या रानात माजलेली झुडपं. त्यांच्या वाळक्या काटक्या छान पेटतात आणि त्या नेल्याने कोणत्याच पाखराचं किंवा माणसाचं नुकसान होत नाही. टणटणीला काटे असतात, तेवढं सांभाळा.

माळावर गुरं चरत असतील तर रानशेणी उचला. ऊन खाऊन हलक्या झालेल्या, आत पोकळ वाजणाऱ्या. शेणी भडकत नाही. ती धरते आणि धरून ठेवते. हुरड्याच्या आगटीत गोवऱ्या लागतात त्या याच गुणासाठी: जाळ नको असतो, सावकाश धग हवी असते.

सावरीचा कापूस पेटवण म्हणून चालतो का?

चालतो, पण त्याचा स्वभाव समजून घ्या. काटेसावर फाल्गुनाच्या आसपास लालभडक फुलते. पुढे चैत्र-वैशाखात बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर उडतो. झाडाखाली पडलेली बोंडं गोळा करून डब्यात भरून ठेवली तर वर्षभर पुरतात. मोकळा, फुलवलेला कापूस काडी लावताच एका क्षणात जळून जातो, त्याने काटकीही गरम होत नाही. म्हणून तो थोडा दाबून, त्यात काथ्या किंवा सुकं गवत मिसळून वापरावा. चकमक वापरणारे लोक हाच कापूस कोळशाच्या पुडीत चोळून ठेवत. मग तो भडकत नाही, ठिणगी धरून लाल होत जातो.

कोकणात भेरली माडाच्या पानांच्या बुडाशीही तपकिरी लोकरीसारखा भुसा मिळतो. तोही याच कामासाठी खरवडून ठेवत. झाडाला इजा न करता, पडलेल्या पानावरचाच घ्यावा.

कोणती झाडं अजिबात वापरू नयेत?

बिब्बा. त्याचं तेल अंगावर उततं हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्याचा धूरही तितकाच वाईट. काजूच्या बियांच्या टरफलांचंही तसंच, दोघं एकाच कुळातले. कोकणात काजूच्या हंगामात टरफलांचे ढीग दिसतात, तेलकट असल्याने ती झकास पेटतात आणि नवखा माणूस फसतो. धुराने डोळे आणि चेहरा सुजू शकतो.

कण्हेर नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिच्या काडीला खोचून काही भाजायचं तर मनातही आणू नका. शेर, निवडुंग अशा चिकाच्या वनस्पती नकोत. खाडीकाठी असाल तर गेवा हे कांदळवनातलं झाड ओळखायला शिका, त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो आणि धूरही झोंबतो. तसंही कांदळवनातलं काहीच तोडू नये.

ओळखता न आलेलं झाड असेल तर त्यावर स्वयंपाक करू नका. एवढा साधा नियम पाळला तरी पुरे.

गोळा करायला कधी जावं? अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन गेलं तर?

उजेडातच जा. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. सुका पाला, दगडाखालच्या फटी, पडलेली खोडं, शेणाच्या वाळक्या पोह्यांची खालची बाजू ही विंचवाची घरं आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं असतं, वीत-दोन वीत लांबीचं, पाचोळ्याच्या रंगाचं, आणि त्याचा दंश जिवावर बेततो. घोणस आणि मण्यार सरपणाच्या ढिगातही शिरून बसतात.

म्हणून हातात काठी हवी. आधी काठीने हलवा, उलटं करा, मग उचला. शेणी स्वतःकडे उलटू नका, पलीकडे उलटा. अनवाणी किंवा चपलेत जाऊ नका. मुलांना बरोबर घ्या, पण मोकाट सोडू नका. आमच्या एका मुक्कामात एका मुलाने शेणी हातानेच उचलली. खाली विंचू होता. डंख बसला नाही, पण त्या रात्रीपासून आमच्यात काठीशिवाय कोणी उठत नाही.

दंश झालाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवा, दंशाचा भाग हलू देऊ नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपाय आहे.

लाकूड कोरडं आहे हे कसं ओळखायचं?

मोडून पाहा. कट्कन आवाज येऊन तुटलं तर कोरडं. वाकलं, किंवा तुटताना साल चिकटून राहिली, तर ओलं. बाहेरून शंका वाटली तर मोडलेलं टोक गालाला किंवा ओठाला लावा. ओलावा तिथे थंड लागतो, हाताच्या बोटांना तो कळत नाही. दोन काटक्या एकमेकींवर आपटा, कोरड्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात.

जमिनीवर पडून राहिलेलं लाकूड खालून दमट असतं. झाडाला अडकून राहिलेली वाळकी फांदी किंवा झुडपात उभीच वाळलेली काठी नेहमी जास्त चांगली. जिवंत झाडाची फांदी तोडू नका. ती नीट पेटतही नाही, आणि ती तुमची नसते.

पावसाळ्यात काय करायचं? सगळंच भिजलेलं असतं.

आधी स्वतःला विचारा की आग खरंच हवी आहे का. आषाढात घाटमाथ्यावर, धुक्यात, हवेतूनच पाणी ठिबकत असताना शेकोटीपेक्षा कोरडे कपडे आणि गरम चहा जास्त उपयोगी पडतो. चहाला स्टोव्ह पुरतो.

हवीच असेल तर कोरडेपणा आत शोधा. मनगटाएवढं उभं वाळलेलं लाकूड घ्या, कोयत्याने उभं चिरा. साल भिजलेली असली तरी गाभा बहुतेक वेळा कोरडा निघतो. त्या गाभ्याच्या चौकोनी कांड्या करा आणि सुरीने एका बाजूने पातळ झिलप्या सोलत जा, पण तोडू नका. काठीला पिसारा फुटल्यासारख्या त्या तिथेच राहिल्या पाहिजेत. अशा चार-पाच काठ्या झाल्या की पेटवण आणि काटक्या दोन्हींचं काम होतं. हात कापून घ्यायची भीती असते, म्हणून काठीचं टोक जमिनीवर किंवा ओंडक्यावर टेकवा आणि सुरी नेहमी अंगापासून दूर चालवा.

वाळका बांबू हाही पावसातला आधार. बाहेरची चकचकीत साल सुरीच्या धारेने उलट्या बाजूला खरवडली की लोकरीसारखा भुसा निघतो. मात्र बांबूचं बंद पेर कधीही आगीत टाकू नका. आतली हवा तापून ते बारासारखं फुटतं. आधी उभं चिरून घ्या. ओढ्यातले ओले दगडही चूल मांडायला घेऊ नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात.

बाकी खरं सांगायचं तर पावसाळ्यात पेटवण रानात शोधायचंच नसतं. ते घरून न्यायचं असतं.

मग घरून काय न्यावं?

तुपात भिजवलेल्या फुलवाती. यापेक्षा चांगलं पेटवण मला आजवर मिळालेलं नाही, आणि ते आपल्या देवघरातच असतं. कापसाच्या फुलवाती पातळ केलेल्या तुपात बुडवायच्या, गार होऊ द्यायच्या, घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत भरायच्या. वापरताना टोक थोडं पिंजून मोकळं करायचं म्हणजे लगेच धरतं. कापूस वातीचं काम करतो, तूप इंधनाचं, त्यामुळे नुसत्या कापसासारखी ती भुर्रकन जळून जात नाही. काटक्यांना धरायला हवा तेवढा वेळ देते. तूप महाग वाटत असेल तर डालडा किंवा पेट्रोलियम जेलीही चालते. खोबरेल तेलही चालतं, पण साधारण २४ अंशांच्या वर ते पातळ होतं आणि डबी नीट बंद नसेल तर सॅकमधले कपडे तेलकट होतात. माझे झाले आहेत.

दुसरा आपल्या घरातला पर्याय कापूर. ओल्या हवेतही पेटतो. दोष दोन. तो उघडा राहिला की हवेत उडून जातो, म्हणून हवाबंद डबीच हवी. आणि सुरुवातीला त्याचा काजळीचा धूर होतो, म्हणून त्यावर थेट काही भाजू नका. तो जळून गेल्यावर भांडं ठेवा. कापराच्या वड्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत हे पाहा, पोटात गेल्या तर विषबाधा होते.

मेणबत्तीचा बोटाएवढा तुकडा मी नेहमी ठेवतो. वाऱ्यात काडी विझायच्या आत तो लावायचा आणि मग त्याच्या स्थिर ज्योतीवर काटक्या धरायच्या. काड्या वाचतात.

शिवाय निघायच्या आदल्या आठवड्यात उन्हात वाळवलेला काथ्या, सुताराकडचा रंध्याचा भुसा, सुकलेली संत्र्याची सालं. सालीत तेल असतं, ती चरचर करत पेटतात. हे सगळं एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. दोन जागी विभागून ठेवा: एक वाटा सॅकच्या मधोमध कपड्यांत, एक दुसऱ्या माणसाकडे. सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवू नका, पाऊस पहिला तिथेच शिरतो.

वाटेत चांगलं पेटवण दिसलं तर ते खिशात टाकत चला. सकाळी ऊन असताना दिसलेला सुका काथ्या संध्याकाळच्या पावसात सापडणार नाही. अंगाच्या उबेने खिशात ते आणखी वाळतं.

काडेपेटी चांगली की लायटर?

दोन्ही न्या, वेगवेगळ्या जागी. काडेपेटीची अडचण काडी ओली होणं एवढीच नसते. आजच्या काडेपेटीत गुलाला, म्हणजे काडीच्या डोक्याला, पेटवणारा तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या पट्टीवर असतो. ती पट्टी दमट झाली की कोरडी काडीसुद्धा पेटत नाही. म्हणून डबीत काड्या भरताना पट्टीचा तुकडाही कापून आत ठेवा, गुलांपासून वेगळा गुंडाळून.

साधा गॅसचा लायटर ओला झाला तरी पुसून, फुंकून, थोड्या वेळाने चालतो. कडाक्याच्या थंडीत त्यातला गॅस नीट बाहेर येत नाही, तेव्हा तो मुठीत धरून गरम करा. स्वयंपाकघरातला शेगडी पेटवायचा लायटर मात्र इथे निरुपयोगी. त्याची ठिणगी गॅस पेटवते, गवत पेटवत नाही. तो घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

चकमकीने पेटवायला शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

पेटवणापासून. लोक पोलाद आणि गारगोटी शोधत बसतात आणि ठिणगी कशावर झेलायची याचा विचारच करत नाहीत.

ठिणगी दगडातून निघते असा समज आहे. खरं म्हणजे गारगोटीची धार पोलादाचा सूक्ष्म कण खरवडून काढते आणि तो कण हवेत जळतो. म्हणून पोलाद कडक हवं. जुनी कानस चालते, साधा खिळा चालत नाही. दगड आपल्याकडे विपुल. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून निघालेल्या गारगोट्या नदीच्या पात्रात, नांगरलेल्या शेतात सापडतात. काचेसारखी धार असलेला तुकडा निवडा. डोळ्यांची काळजी घ्या, कपचा उडतो.

ही ठिणगी फार दुबळी असते. ती झेलायला करपवलेलं सुती कापड लागतं. जुन्या धोतराचे किंवा बनियनचे, शंभर टक्के सुती कापडाचे तुकडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत भरा. झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा. डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर येईल. धूर थांबला की डबी बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकण उघडलंत तर हवा लागून सगळं जळून जाईल. कापड काळं, हलकं, पण अखंड निघालं पाहिजे. त्यात सिंथेटिक धागा असेल तर नुसता चिकट गोळा होतो.

त्या काळ्या चिंधीच्या कडेवर ठिणगी पडली की लाल ठिपका पसरू लागतो. ती पिंजलेल्या काथ्याच्या घरट्यात ठेवायची, मूठ सैल ठेवून खालून सावकाश, लांब फुंकर घालायची. धूर दाट होत जातो आणि मग अचानक ज्योत येते. पहिल्यांदा जमायला मला चार संध्याकाळी लागल्या. ज्योत आली तेव्हा आजोबांची चकमकीची चामडी चंची आठवली, जिचा उपयोग मला लहानपणी कळलाच नव्हता.

बाजारात मिळणारी फेरोसेरियमची कांडी वेगळी. लायटरमधल्या खड्याचंच ते मोठं भावंड. तिची ठिणगी इतकी गरम असते की पिंजलेला कापूस किंवा फुलवातीचं टोक थेट धरतं. सुरुवात त्याने करायला हरकत नाही.

काडेपेटी नसताना जुनी माणसं विस्तव कसा नेत?

मुळात ती विस्तव विझूच देत नसत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे राख बाजूला सारून फुंकणी लावायची. विझलाच तर शेजारी जायचं. करवंटीत राख घालून त्यावर निखारा, किंवा एका टोकाने धरलेली गोवरी हातात घेऊन यायचं. गोवरी वाऱ्यावर न भडकता तासन्‌तास धुमसते, म्हणून शेतावर विस्तव न्यायला तीच.

दुसरं साधन काथ्याचा सुंभ. पानटपरीवर खांबाला टांगलेला, टोकाशी लाल झालेला सुंभ पुष्कळांनी पाहिला असेल, त्यावर विड्या पेटवत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याने तो रोज पाहिला असणार. तोड्याच्या बंदुकीतला तोडा म्हणजेही अशीच धुमसत राहणारी दोरी. शिपाई ती जळती ठेवून फिरायचा आणि पावसात ती विझली की बंदूक नुसतं लोखंड. कोरडं पेटवण सांभाळणं हा तेव्हा जिवाचा प्रश्न होता.

आज धुमसता विस्तव घेऊन रानातून चालू नका. त्याचं कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

थोडं रॉकेल किंवा पेट्रोल नेलं तर हे सगळं सोपं होणार नाही का?

पेट्रोल कधीच नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी लावणाऱ्याच्या पायापर्यंत आलेली असते. धुमसत्या लाकडावर कोणतंही द्रव इंधन ओतू नका, जाळ धारेवरून थेट हातातल्या बाटलीत चढतो. सॅनिटायझरची ज्योत दिवसा जवळपास दिसतच नाही आणि लोक त्यावर पुन्हा ओततात. होळीच्या दिवसांत जळालेले हात पाहिलेत की ही घाई कुठे नेते ते कळतं. प्लास्टिक, टायर, सायकलची ट्यूब हेही जाळू नका, विशेषतः त्याच आगीवर काही शिजवणार असाल तर.

रेल्वेने किंवा विमानाने जाताना?

रॉकेल, पेट्रोल, गॅसचं सिलिंडर रेल्वेत नेणं रेल्वे अधिनियम, १९८९ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या विमानतळांवर काडेपेटी आणि लायटर काढून घेतात. विमानाने निघणाऱ्यांनी काडेपेटी आणि लायटर उतरल्यावर गावच्या किराणा दुकानातून घ्यावेत.

सगळं आहे, तरी नुसता धूर येतो. का?

तीनपैकी एक कारण. काटक्या ओल्या आहेत, किंवा फार दाटीवाटीने रचल्या आहेत, किंवा पेटवण जमिनीच्या ओलीवर ठेवलं आहे. खाली चार सुक्या काठ्यांचा किंवा सालीचा थर घाला, त्यावर पेटवण, त्यावर काटक्या वाऱ्याकडे तोंड उघडं ठेवून तिरक्या टेकवा. काडी वाऱ्याच्या बाजूने, खालून लावा. जाळ वर चढतो, त्याला वर चढायला काहीतरी द्या.

किल्ल्यावर किंवा जंगलात शेकोटी पेटवली तर चालते का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतो.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या २६व्या कलमानुसार राखीव वनात वनअधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या काळाखेरीज विस्तव पेटवणं, बाळगणं आणि सोबत नेणंसुद्धा गुन्हा आहे. अभयारण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयनेचं खोरं ही सगळी अभयारण्यांतली ठिकाणं. संरक्षित किल्ल्यांवर आणि लेण्यांत तर कुठलीच आग नको. हजारो वर्षं टिकलेल्या लेण्यांच्या छतावर एका रात्रीच्या काजळीचा थर बसलेला पाहून माझ्या पोटात खड्डा पडतो. तो निघत नाही.

आपल्याकडे वणव्याचा काळ १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्या दिवसांत गुडघाभर वाळलेलं गवत उभं असतं आणि दुपारनंतर कड्यांवरून वारा वर चढतो. तुमच्या शेकोटीतून उडालेलं एक पान पुरतं. जमिनीवर घरटं करणारी पाखरं, सरडे, नुकती रुजलेली रोपं पळून जाऊ शकत नाहीत. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं असं म्हणत डोंगर पेटवणारे अजून आहेत. गवत हिरवं दिसतंही, पण राखेबरोबर माती पहिल्या पावसात वाहून जाते आणि झाडोरा पुन्हा उभा राहत नाही. वणवा दिसला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मग पेटवायचं कुठे? स्वतःच्या शेतात, परवानगी घेतलेल्या मुक्कामाच्या जागी, वाडीतल्या अंगणात, जिथे आधीच चूल मांडलेली आहे तिथे. चारी बाजूंनी दोन-तीन मीटर जमीन झाडून साफ करा. पाण्याने भरलेलं भांडं पेटवायच्या आधी शेजारी ठेवा. जाळ गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका.

वाडीजवळ मुक्काम असेल तर लाकूड रानातून आणावं का?

नको. वाडीच्या आसपासचं वाळकं लाकूड हे तिथल्या बायकांचं सरपण आहे. पाऊस लागायच्या आधी डोक्यावर मोळ्या वाहून त्या ते पडवीत रचून ठेवतात. आपण एका रात्रीच्या गप्पांसाठी त्यांची दोन दिवसांची चूल जाळतो. सरळ घरी जाऊन विचारा, “मावशी, थोडं सरपण मिळंल का?” आणि पैसे द्या. नको म्हणाल्या तरी द्या. त्यांच्याकडचं लाकूड तुमच्यापेक्षा चांगलं वाळलेलं असतं. पेटवायलाही तीच माऊली मदत करते, दोन फुंकरांत.

हिमालयात किंवा परदेशात हेच नियम?

मूळ तत्त्व तेच, झाडं वेगळी. उत्तराखंडात चिडाचं राळेने भरलेलं लाकूड ओल्यातही पेटतं, पण त्याच्याच वाळक्या सुयांनी, तिथे ज्यांना पिरूल म्हणतात, दरवर्षी डोंगर जळतात. भूर्जाची साल उत्तम पेटते म्हणून जिवंत झाड सोलू नका. अमेरिकेत कॅम्पिंगला जाणाऱ्या मराठी मंडळींनी घरचं लाकूड गाडीत घालून लांब नेऊ नये. त्यातून झाडं पोखरणारे किडे नव्या जंगलात पोचतात, म्हणून तिथे जाळायच्या ठिकाणीच लाकूड विकत घेण्याची पद्धत आहे.

विझवायची कशी?

पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. चर्र आवाज थांबेपर्यंत. मग हाताची पालथी बाजू जवळ नेऊन पाहा. ऊब लागत असेल तर आग विझलेली नाही. नुसती माती लोटून निघू नका, मातीखाली निखारा सकाळपर्यंत जगतो आणि गोवरी तर त्याहून जास्त. झाडाच्या मुळांवर आग केली असेल तर ती मुळातून आतल्या आत धुमसत दूर जाऊन वर येऊ शकते, म्हणून तिथे आग करायचीच नाही.

उरलेल्या पेटवणाचं काय करायचं?

रानातून आणलेल्या काटक्या पसरून टाका. वाडीत असाल तर पडवीत नेऊन ठेवा, सकाळच्या चहाला उपयोगी पडतील. डबीतलं पेटवण घरी आल्यावर उन्हात घाला, कापूर संपला असेल तर भरा, काडेपेटीची पट्टी बदला आणि डबी सॅकमध्येच परत ठेवा. कपाटात ठेवलेली डबी पुढच्या वेळी घरीच राहते.